विसोबांच्या दुकानातले आकडे

गेल्या दिवाळीत नात पुण्याहून आली ती एक जाडजूड वही घेऊन. ती विज्ञानकथा लिहिते. तिच्या नव्या कथेत एका दूरच्या ग्रहावर बाजार भरतो आणि तिथल्या व्यापाऱ्यांची भाषा तिला घडवायची होती. वहीत चारशेच्या वर शब्द होते. वाचून पाहिले तर जिथे तिथे 'झ्र' आणि 'क्ष्ल', उच्चारताना जीभ अडखळेल असे. "परग्रहावरचं वाटायला नको का, आजोबा?" ती म्हणाली.

मी तिला विचारलं, "हे लोक बाजारात कुणापासून काय लपवतात?"

तिने हा विचारच केला नव्हता. मी उठून कपाटातलं एक जुनं टाचण काढलं आणि तिच्यासमोर दहा शब्द वाचले. केवली, अवारू, उधानु, पोकू, मुळू, शेली, पवित्र, मंगी, तेवसू, अंगळू. ती ऐकत राहिली. "कुठल्या ग्रहावरचे?" मी म्हणालो, "आपल्याकडचे. एक ते दहा. आणि ज्यांनी ते देवापुढे नेऊन ठेवले, त्यांची आणि नामदेवांची गाठ पडली ती आपल्याच गावच्या देवळात."

आमचं गाव औंढा नागनाथ. या गावाशी जोडलेल्या एका माणसाने घडीव भाषेतल्या शब्दांचं असं काही केलं की त्याला दुसरी जोड मला अजून सापडलेली नाही. ते नातीला सांगायला मला दोन संध्याकाळी लागल्या. इथे थोडक्यात मांडतो.

त्या भाषेचं नाव नंदभाषा. महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांची, दलालांची, सराफांची ही गुप्त बोली. मोल्सवर्थच्या कोशातही तिची नोंद आहे. गिऱ्हाईक समोर उभं असताना मालकाने मुनिमाला किंवा एका दलालाने दुसऱ्याला भाव सांगायचा, आणि गिऱ्हाइकाला एक अक्षर कळता कामा नये, हे तिचं काम. म्हणून तिच्यात आकडे आहेत, पैशाअडक्याचे शब्द आहेत. काटी म्हणजे वीस, बिटी म्हणजे शंभर, ढकार म्हणजे हजार. पाण्याला, भुकेला, आईला तिच्यात शब्द मला सापडलेला नाही. ते लपवायची गरज कुणाला पडली नसावी.

नातीला मी सांगितलं की शब्दांकडे जरा नीट बघ. 'केवली'च्या मागे 'केवळ' दिसतो, एकटा. 'अंगळू'पाशी मला नेहमी हाताची दहा बोटं आठवतात, हा माझा अंदाज. अकराला 'एकडू', तेराला 'तेपरू', चौदाला 'चोपडू'. म्हणजे दहाच्या पुढे गेल्यावर घडवणाऱ्याने काही ठिकाणी पहिलं अक्षर ओळखीचं ठेवलं आणि शेपूट तेवढं बदललं, कारण दुकानात उभ्या उभ्या आठवायला तेच सोपं. पण 'शेली', 'मंगी', 'पोकू' यांना मराठी आकड्यांचा वासही नाही, आणि गुपिताच्या शब्दाला हवं तेच. 'पवित्र' तर सगळ्यांत पक्का. सोवळ्यातला रोजचा शब्द आहे तो. कुणाच्या कानावर पडला तरी सात रुपयांची गोष्ट चालली आहे अशी शंका यायची नाही.

आणि हे सगळे शब्द बोलायला सोपे. एकातही जीभ अडखळत नाही. दिवसातून शंभर वेळा उच्चारायचे शब्द असेच असतात. नातीने आपल्या वहीतली दोन पानं तिथल्या तिथे फाडली.

गुप्त बोलण्याचे प्रकार आपल्याकडे कमी नाहीत. च-ची भाषा प्रत्येक मराठी पोर बोललेलं असतं. पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि आधी च लावायचा. 'पाणी'चं 'चणीपा' होतं. पण तिथे शब्द तोच, नुसती आवाजाची उलथापालथ. लक्ष देऊन ऐकणाऱ्याला ती घटकाभरात कळते. महानुभावांनी तर लिप्याच घडवल्या. सकळा, सुंदरी अशा लिप्यांत त्यांनी आपले ग्रंथ शतकानुशतकं राखले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे-भाव्यांसारख्या संशोधकांनी त्या उलगडल्या तेव्हा आद्य मराठी गद्याचं केवढं तरी भांडार बाहेर आलं. पण तिथेही लपली होती ती अक्षरं. उलगडलं की आत आपली साधी मराठी. नंदभाषेत उलट आहे. अक्षरं आपली, आवाज आपला, प्रत्यय आपले, पण शब्दच दुसरा. 'पोकूला दे' म्हटलं तर 'ला'ही मराठी आणि 'दे'ही मराठी. आकडा मात्र कळत नाही.

जगात घडीव भाषांचा इतिहास पाहिला तर हाच साचा पुन्हा पुन्हा दिसतो. जर्मनीत बाराव्या शतकात हिल्डेगार्ड नावाची एक मठकरीण होऊन गेली. तिने 'अज्ञात भाषा' म्हणून हजाराच्या आसपास शब्द घडवले. देव, देवदूत यांच्यापासून सुरुवात, मग माणसाचं शरीर, मग झाडं-पाखरं. जवळजवळ सगळी नामंच, आणि वाक्य मात्र लॅटिनच्या वळणाचं. आपली वाण्यांची बोली आणि तिची मठातली बोली, दोन्हींचा सांगाडा आधीपासून वापरात असलेल्या भाषेचाच. पूर्ण व्याकरणाची भाषा कथेसाठी उभी करायची हौस पुष्कळ नंतरची. इंग्रजी लेखक टोल्कीनने तर भाषा आधी घडवायला घेतल्या आणि त्या बोलणारे लोक हवेत म्हणून कथा मागाहून लिहिल्या. पडद्यावरच्या परग्रहवासीयांसाठी घडवलेल्या क्लिंगॉन भाषेचा मार्क ओक्रँडचा कोश 1985 साली आला. आपल्याकडे 2015च्या 'बाहुबली' चित्रपटात कालकेय टोळीच्या तोंडी जी किलिकी भाषा आहे, ती मदन कार्की यांनी घडवली. साडेसातशे शब्द आणि चाळीस नियम. नातीला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हते ते आमचे विसोबा.

विसोबा खेचर म्हणजे नामदेवांचे गुरू. परंपरा त्यांना विसोबा चाटी म्हणते. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. कुठे त्यांना सराफ म्हटलेलं सापडतं. काही असो, माणूस दुकानात बसणारा, गिऱ्हाईक आणि नफा ओळखणारा. आळंदीच्या भावंडांचा त्यांनी आधी छळ केला, मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळू दिलं नाही, मग ज्ञानदेवांच्या पाठीवर भाजलेले मांडे पाहून ते वरमले, ही गोष्ट घरोघरी सांगतात. 'खेचर' या नावाचे अर्थही दोन लावतात. कुणी म्हणतं आकाशात संचार करणारा योगी. कुणी म्हणतं ओझ्याचं जनावर, रागाने दिलेलं नाव, जे त्यांनी आनंदाने मिरवलं. मला दुसरा अर्थ आवडतो.

नामदेव आमच्याच मुलखातले. हिंगोलीजवळचं नर्सी हे त्यांचं जन्मगाव मानतात, 1270चा जन्म. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. गुरू कर, असं सांगितलं गेलं, म्हणून नामदेव औंढ्याला आले. देवळात पाहतात तो एक म्हातारा पिंडीवर पाय टाकून निजलेला. नामदेव संतापले. म्हातारा म्हणाला, बाबा, मला उठवत नाही, जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. पाय जिथे ठेवावे तिथे पिंड दिसू लागली. आमच्या गावात ही गोष्ट गर्भगृहाकडे बोट दाखवून सांगतात. दुसरी गोष्ट देऊळ फिरल्याची. नामदेवांना कीर्तन करायला मागे धाडलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं आणि नंदी मागे राहिला. नंदी आजही देवळाच्या मागच्या बाजूला आहे. आम्ही पोरं त्याच्या पाठीशी खेळत मोठी झालो.

आता तो अभंग. विसोबांच्या नाममुद्रेचा एक अभंग आहे, महादेवाच्या वर्णनाचा. त्यातले आकडे सगळे नंदभाषेतले. ज्याला बोली ठाऊक नाही त्याला तो मंत्रासारखा वाटेल. उलगडला की असा. देवाची मुखं मुळू, म्हणजे पाच, पंचमुखी शंकर. डोळे उधानु, तीन. हात अंगळू, दहा. मुकुट किती उंच? काटीला केवली आगळी, वीस आणि वर एक, एकवीस स्वर्गांइतका. पाय कुठे? पवित्र, सात पाताळांच्या तळाशी. मग वर्णन करायला जे जे आले त्यांची हजेरी. ढकार मुखांचा शेष आला, त्याच्या जिभा चिरल्या. शेली म्हणजे सहा शास्त्रं वेडावली. पोकू म्हणजे चार वेद गप्प झाले. अंगळूमंगी, दहा आणि आठ, अठरा पुराणं दमून गेली.

'अंगळूमंगी' पाशी मी नातीला थांबवलं. जिथे ठेवणीतला शब्द पुरला नाही तिथे दोन शब्द सांधून नवा आकडा केला. एकवीसही तसाच. म्हणजे बोली वाढायची कशी याचा नियम या एका अभंगातच हाती लागतो. पण मला भिडतं ते वेगळंच.

संतांनी आपापल्या धंद्याचे शब्द अभंगात आणले, ते आपण शाळेपासून शिकतो. सावतोबांचा मळा, गोरोबांचा चिखल, सेना न्हाव्यांचा आरसा. पण मळ्यातले शब्द सगळ्या गावाला येतात. न्हाव्याचा आरसा सगळ्यांनी पाहिलेला असतो. विसोबांनी आणलेले शब्द दुसऱ्यांना कळू नयेत म्हणूनच जन्मलेले होते. पेढीवरची सगळ्यांत कुलूपबंद वस्तू त्यांनी उचलली आणि भजनात सोडून दिली. भजनात म्हटलेलं गुपित राहत नाही. अभंग विसोबांचाच मानला तर ही बोली सातशे वर्षांपूर्वी पक्की रुजलेली होती, आणि एका चाट्यानेच तेव्हा तिचं कुलूप काढलं.

हे मला एवढं का लागतं, ते सांगायला माझ्या घरची गोष्ट सांगावी लागेल.

आमचंही कापडाचं दुकान होतं, औंढ्याच्या बाजारात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. प्रत्येक थानाच्या, प्रत्येक लुगड्याच्या घडीत एक चिठ्ठी असे, आणि तिच्यावर खरेदीची किंमत अक्षरांत. हे कापडाच्या दुकानांत सगळीकडे चाले. दहा वेगळ्या अक्षरांचं वाक्य ठरवायचं, एकही अक्षर पुन्हा येता कामा नये. आमचं वाक्य होतं, 'देव घरी पाहत बसला'. द म्हणजे एक, व दोन, घ तीन, र चार, प पाच, ह सहा, त सात, ब आठ, स नऊ, ल शून्य. काना-मात्रा सोडून द्यायच्या. एकोणचाळीसचा माल असेल तर चिठ्ठीवर 'घस'. पंचवीसला 'वप'. मला हे वाक्य सातव्या-आठव्या वर्षीच पाठ झालं होतं आणि त्याचा फार अभिमान होता.

पोळ्याच्या आधीचा आठवडा. जवळच्या खेड्यातली एक बाई सासूसाठी लुगडं घ्यायला आली होती. अण्णांनी अठरा सांगितले. ती घासाघीस करत होती, कनवटीच्या गाठीवर हात ठेवून. मी घडी उलगडली, चिठ्ठीवर 'दर' लिहिलं होतं, आणि मी मोठ्याने म्हणालो, "अण्णा, याच्यावर तर चौदाच लिहिलेत."

अण्णा काही बोलले नाहीत. बाईने माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. तिने पंधरा दिले, अण्णांनी घेतले. रात्री दुकान बंद करून अण्णा आणि मुनीम कंदिलाच्या उजेडात बसले. एकेका घडीतून जुनी चिठ्ठी काढायची, नव्या वाक्याने नवी लिहायची. पहाटेपर्यंत ते काम चाललं. मला रागावले नाहीत. फक्त नवं वाक्य मला पुढे कधीच सांगितलं नाही.

त्या रात्री मला रडू आलं ते घरातून बाहेर पडल्यासारखं वाटलं म्हणून. फार वर्षांनी, मराठी शिकवायला लागल्यावर, मला त्या बाईची नजर आठवायला लागली. तिला राग आला नव्हता. तिच्यासमोर आयुष्यभर जे बोललं गेलं होतं, ते पहिल्यांदाच तिला कळलं होतं. गुप्त भाषेच्या दोन बाजू असतात, आणि कोशात फक्त बोलणाऱ्याची बाजू लिहिलेली असते. जिच्या तोंडावर बोललं जातं तिच्या बाजूचा कोश नसतो.

शेतकरी माल विकायला आणी तेव्हा तर आणखीच वाईट. हत्ता पद्धत म्हणत तिला. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव ठरवत. कापूस ज्याचा तो शेतकरी बाजूला उभा. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा वर्षाचा भाव ठरे आणि त्याला दिसे तो फक्त हलणारा रुमाल. आकड्यांसाठी नंदभाषेचे शब्द कानाला चकवत, हत्ता डोळ्यांना चकवी. हे मोडायला कायदे लागले. आपल्या शेजारी वऱ्हाडात कारंज्याला 1886 साली कापसाचा पहिला नियंत्रित बाजार झाला, 1897मध्ये वऱ्हाडासाठी कायदा आला. आमच्या निजामी मुलखात 1930चा कायदा झाला, आणि पुढे 1963च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली बाजार समित्या उभ्या राहिल्या. उघडा लिलाव हे या सगळ्याचं मर्म.

नातीला मी वसमतच्या मोंढ्यात हळदीचं बीट दाखवायला घेऊन गेलो होतो. पिवळ्या ढिगांमधून खरेदीदारांचा घोळका सरकत होता आणि आकडे मोठ्याने, सगळ्यांच्या कानावर पडतील असे पुकारले जात होते. ढिगाशेजारी उभा शेतकरी प्रत्येक आकड्याबरोबर मान वर करत होता. नात वही काढून आकडे लिहायला लागली तर मापाड्याने तिला हटकलं, "काय लिहायलीस?" ती म्हणाली, "भाव." तो म्हणाला, "लिही की मग. लपवायचं काय त्यात."

नंदभाषा विरली ती याच वाटेने. तिला कुणी मारलं नाही. 1957 साली आणे जाऊन नवे पैसे आले, मग शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले, बाजारात फळ्यावर भाव लिहिले जाऊ लागले, वस्तूवर किंमत छापली जाऊ लागली. ज्या अंधारात ती बोली वाढली होती तो अंधारच कमी झाला. बोली गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. शब्द इतके सुंदर आहेत. आणि ती गेली हे बरंच झालं, असंही मनापासून वाटतं. या दोन भावना मला एकमेकींत मिटवता येत नाहीत. विसोबांना मिटवता आल्या असाव्यात. त्यांनी शब्द टाकले नाहीत. नुसता त्यांच्यावरचा पहारा उठवला.

नातीच्या कथेचं पुढे असं झालं. तिच्या ग्रहावरच्या व्यापाऱ्यांना तिने चारशे शब्द दिले नाहीत, साठच दिले, सगळे मोजण्याचे आणि लपवण्याचे. आणि बाजारातली एक मुलगी त्यातला एक आकडा चुकून मोठ्याने वाचते, तिथून कथा सुरू होते. तिने मला विचारलं, हे घेऊ का? मी म्हणालो, घे.

परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही दर्शनाला गेलो. आमच्या नागनाथाला आठवं ज्योतिर्लिंग म्हणतात. "म्हणजे मंगी," नात म्हणाली. बाहेरच्या भिंतीवर खालचं कोरीव काळं काम आणि वरचं नंतरचं पांढरं शिखर, तिने दोन्हीकडे बराच वेळ पाहिलं. आत पिंड जमिनीखाली आहे. अरुंद तोंडातून वाकून, एकेक पायरी जपून उतरावी लागते. वरून येणाऱ्यांची रांग, खाली कोंदट ऊब आणि बेलाचा वास. नात माझ्या पुढे होती. पाय टेकवायला जागा शोधत ती पुटपुटत उतरत होती, केवली, अवारू, उधानु, पोकू.

माझ्या मागून एक म्हातारी उतरत होती, नऊवारी खोचलेली, हातात नारळ. तिने वाकून विचारलं, "काय म्हणायलीस गं बाई? कोणतं स्तोत्र हाय?"

"आकडे आहेत, आजी. एक, दोन, तीन, चार. जुन्या वाण्यांचे."

"आन् पाच?"

"मुळू."

"मुळू," म्हातारी म्हणाली, आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला.